कॉम्प्युटरची डिग्री : फी किती, पदरात काय?

प्रश्न बार्शीजवळच्या एका पालकांचा आहे. मुलगी यंदा बारावी झाली. एमएचटी-सीईटीला ९३ पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय. पर्याय तीन. पहिला, एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). दुसरा, पुण्यातल्या एका मध्यम दर्जाच्या खासगी कॉलेजात कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) कॉम्प्युटर. तिसरा, पुण्याच्या वेशीवरचं एक खासगी विद्यापीठ, तिथे कॉम्प्युटर सायन्स विथ एआय-एमएल, फी वर्षाला साडेचार लाख. सीट आजच पक्की करतो म्हणतात आणि कर्जाचे कागदही तेच करून देणार. माहितीपत्रकावर ‘हायेस्ट पॅकेज ४४ लाख’ असं ठळक छापलंय. वडील विचारतात, जास्त घालून जास्त मिळणार असेल तर कर्ज काढू का? शिवाय धाकटा दहावीत आहे, त्याचं काय करायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मग. तिसरा पर्याय सोडून द्या. पहिल्या-दुसऱ्यात मात्र खरा पेच आहे. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागात उमेदीची वर्षं घालवली. कंपन्यांच्या एचआरला फोन लावणं, पोरांच्या याद्या पाठवणं आणि प्रवेशाच्या हंगामात माहितीपत्रकात कुठला आकडा छापायचा यावरून व्यवस्थापनाशी हुज्जत घालणं, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे ४४ लाखांचं काय करायचं हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

महाग ते चांगलं हा हिशेब इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लावलात तर फसाल. इथे भाव बहुतेकदा उलटा चालतो. व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, या सगळ्यांची फी खासगी विद्यापीठांच्या तुलनेत किरकोळ, आणि कंपन्या आधी तिथेच जातात. देशपातळीवरही तेच. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला दोन लाख, एनआयटीची सव्वा लाख (नागपूरचं व्हीएनआयटी त्यातच आलं). घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. असं का होतं? कंपनीचा माणूस कॉलेज निवडताना वर्गातली एसी आणि स्विमिंग पूल बघत नाही, तिथे पोरं कुठल्या चाळणीतून आली ते बघतो. कटऑफ ९८-९९ असेल तर निम्मं काम सीईटी सेलने (परीक्षा आणि कॅप चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाने) आधीच करून ठेवलेलं असतं. पुण्याचं पीआयसीटी किंवा मुंबईचं एसपीआयटी ही खासगी कॉलेजं वरच्या रांगेत आहेत तीही या चाळणीच्याच जोरावर.

जिथे सीट मागाल तेव्हा मिळते, तिथली फी ही हुकलेल्या पर्सेंटाइलची किंमत असते. ती द्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपण शिक्षण विकत घेतोय या समजुतीत ती देऊ नये.

त्यात एक गोष्ट अलीकडची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटर आणि तिच्या चुलत शाखा (एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी) यांच्या जागा पुण्यात धडाधड वाढल्या. इमारत तीच, प्रयोगशाळा त्याच, तुकड्या मात्र वाढलेल्या. कॉम्प्युटरची सीट आता दुर्मीळ राहिलेली नाही, तेव्हा ‘उद्या मिळणार नाही’ या दमदाटीला भुलू नका. आणि शाखेच्या नावातल्या एआय-एमएलचा फार विचार करू नका. पहिली दोन वर्षं अभ्यासक्रम जवळजवळ सारखा असतो आणि मुलाखतीत विचारतात ते डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस आणि ऑपरेटिंग सिस्टिम.

आता तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा मुद्दा, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. तुम्हाला मुलगी आहे, प्रवर्ग ओबीसी आहे आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ते निम्मं होतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर यातून सरळ वगळलेली आहेत.

म्हणजे पुण्यातल्या खासगी कॉलेजची फी एक लाख साठ हजार दिसत असली तरी तुमच्यासाठी ती तेवढी नाहीच. माफ होत नाही ते विकास शुल्क, विद्यापीठाची आणि कॉलेजची किरकोळ शुल्कं, अनामत, राहणं-खाणं. उलट विद्यापीठाचे साडेचार लाख हे पुरते साडेचार लाख. तुलना साडेचार विरुद्ध एक साठ अशी नाहीच. साडेचार लाख विरुद्ध वीस-पंचवीस हजार अशी आहे.

इथे एक सापळा आहे. पुण्यात एकाच आवारात, एकाच घराण्याच्या नावाने, एक कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असतं आणि शेजारच्या इमारतीत त्याच नावाचं खासगी विद्यापीठ असतं. गेट एक, बस एक, लोगोही जवळपास एक. पालक एकीची कीर्ती ऐकून येतात आणि दुसरीकडे पैसे भरून जातात. खासगी विद्यापीठंही ‘सीईटीच्या गुणांवर प्रवेश’ म्हणतात. ते खरंच असतं, पण सीईटीचा स्कोअर पाहून दिलेला प्रवेश म्हणजे कॅपचा प्रवेश नव्हे. ओळखायची खूण एकच. सीईटी सेलच्या कॅप यादीत त्या कॉलेजचा कोड आणि त्या शाखेचा चॉइस कोड आहे का? असेल तर सवलत लागू. नसेल तर समोरचा काउन्सेलर ‘स्कॉलरशिप आम्हीही देतो’ म्हणेल, ती त्यांच्या मर्जीची असते आणि दुसऱ्या वर्षी सीजीपीए घसरला की जाते. संलग्न खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. काउंटरवर मागितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा.

आता चार वर्षांचा हिशेब मांडू. आकडे ठोकळ आहेत, तुमचे तुम्ही बदलून घ्या.

शासकीय महाविद्यालयात शिक्षण शुल्क माफ, इतर शुल्कं धरा दहा-बारा हजार, वसतिगृह मिळालं तर तेही स्वस्त, मेस महिना तीन-साडेतीन हजार. प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप धरून चार वर्षांचे तीन लाखांच्या आसपास. पुण्याच्या खासगी कॉलेजात वर्षाला विकास शुल्क वगैरे वीस-पंचवीस हजार आणि राहणं. कॉट बेसिसवर जागा, मेस, बस पास असं सगळं मिळून वर्षाला सव्वा लाख सहज जातात. चार वर्षांचे सहा-सव्वासहा लाख. खासगी विद्यापीठात साडेचार लाखांप्रमाणे अठरा लाख, दरवर्षीची फीवाढ धरली की वीस लाख, आणि वर राहण्या-खाण्याचे पाच. पंचवीस लाख झाले.

मुलगा असता तर? ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काच्या निम्मी सवलत. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी. आणि त्याने टीएफडब्ल्यूएसच्या जागेसाठीही प्रयत्न करावा. त्या मंजूर जागांच्या वर पाच टक्के असतात, तिथे शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं, फक्त कटऑफ बराच वर जातो. उत्पन्न आठ लाखांच्या वर असेल तर खुल्या प्रवर्गाला काहीच नाही. तेव्हा पुण्याचा तोच पर्याय त्या घराला अकरा-बारा लाखांना पडतो. म्हणून शेजारच्याने कुठे प्रवेश घेतला यावरून आपलं ठरवू नये. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींची फी वेगळी असते.

तिसऱ्या पर्यायाचं कर्ज बघू, कारण ते ‘सोप्या हप्त्यांत’ म्हणून विकलं जातं. समजा वीस लाखांचं कर्ज, दर १० टक्के, वर्षाला पाच लाख बँक थेट विद्यापीठाला देते. शिक्षण संपून सहा महिन्यांनी हप्ता सुरू. तोवर पहिल्या पाच लाखांवर साडेचार वर्षांचं, दुसऱ्यावर साडेतीन, तिसऱ्यावर अडीच आणि चौथ्यावर दीड वर्षाचं व्याज चढलेलं असतं. सरळव्याजानेही ते सहा लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना देणं सव्वीस लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण चौतीस हजार. पंधरा वर्षं घेतली तर अठ्ठावीस हजार.

आणि पगार? मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचं फ्रेशरचं मूळ पॅकेज तीन ते चार लाखांवर गेली कित्येक वर्षं जवळजवळ गोठलेलं आहे. टीसीएसच्या सर्वांत खालच्या पायरीवरचं ३.३६ लाख हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्याच कंपनीत परीक्षा चांगली दिली तर वरच्या पायऱ्यांवर सात लाख आणि त्यापुढेही मिळतात, पण खालची पायरीच सर्वांत रुंद असते. साडेतीन लाखांच्या सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं. हातात चोवीस-पंचवीस हजार पडतात. चौतीस हजारांचा हप्ता पंचवीस हजारांतून कसा जायचा? तो वडिलांच्या खात्यातून जातो. बँकेने सहकर्जदार म्हणून वडिलांची सही उगाच घेतलेली नसते.

कर्ज घ्यावंच लागलं तर पहिल्या-दुसऱ्या पर्यायासाठी दोन-चार लाखांचं घ्या. चार लाखांपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात (हप्ता सुरू होईपर्यंत) व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. सरकारची दुसरी व्याज किंवा फी सवलत घेतलेली असेल तर ही सूट मिळत नाही, तेव्हा बँकेत आधी तेवढं विचारून घ्या. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का तेही बघा.

आता ते ४४ लाख. असा आकडा खोटा असतोच असं नाही. एखाद्या हुशार पोराने स्वतःच्या हिमतीवर, ऑफ-कॅम्पस, परदेशी कंपनीत मिळवलेला असतो. त्यात जॉइनिंग बोनस, चार वर्षांत पिकणारे शेअर, रिलोकेशन भत्ता असं सगळं एका बेरजेत घातलेलं असतं. त्या एका पोराचं तुमच्या मुलीशी काही नातं नाही. सरासरीही फसवते. आयआयटी मुंबईचंच बघा. २०२३-२४ मध्ये तिथलं सरासरी पॅकेज साडेतेवीस लाख होतं, मध्यक (पगारांच्या रांगेत बरोबर मध्ये उभ्या पोराचा आकडा) मात्र १७.९२ लाख. वरच्या काही गलेलठ्ठ ऑफर्स सरासरीला साडेपाच लाखांनी वर ओढतात. आयआयटीत ही गत, तर बाकीकडे काय ते ओळखा.

मग बघायचं कुठे? एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत, भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत ‘एनआयआरएफ’ लिहिलेलं असतं. तिथली पीडीएफ उघडा आणि चार वर्षांच्या यूजी अभ्यासक्रमाचं प्लेसमेंटचं कोष्टक काढा. त्यात ओळीने असतं : पहिल्या वर्षी किती प्रवेश झाले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, त्यांतले ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती, उच्च शिक्षणाला किती गेले. हे कोष्टक कसं वाचायचं ते एका काल्पनिक कॉलेजवर दाखवतो.

समजा पहिल्या वर्षाला ५९० आले, डिप्लोमावाले ७० थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण ६६०. मुदतीत पास ५१०. म्हणजे दीडशे पोरं केटीत (विषय राहण्यात) किंवा इयर डाऊनमध्ये (वर्ष वाया जाण्यात) अडकली, हा पहिला धडा. नोकरी लागली ३१० जणांना, मध्यक साडेचार लाख. याच कॉलेजच्या फ्लेक्सवर तुम्हाला ‘९२ टक्के प्लेसमेंट’ दिसेल, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नसेल. कारण त्यांनी ३१० ला भागलंय ३३७ ने, म्हणजे ‘पात्र व नोंदणीकृत’ विद्यार्थ्यांच्या संख्येने. ज्यांना लाइव्ह केटी होती, ज्यांचे दहावीपासून ६० टक्के थ्रूआऊट नव्हते, जे ‘एमएस करणार’ म्हणाले, ते सगळे भाजकातून गाळले. ६६० ने भागा, उत्तर ४७ टक्के. आणि मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा आहे. तीनशे दहाच्या निम्मे, म्हणजे १५५ जण साडेचार लाखांच्या वर. सहाशे साठांत हे चौथा हिस्साही नाहीत. तुमची मुलगी त्या पहिल्या चौथ्या हिश्श्यात राहील का, हा प्रश्न फीच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

दोन गोष्टी आणखी. कोष्टक सगळ्या शाखांचं एकत्र असतं, कॉम्प्युटरचं चित्र साधारणपणे त्याहून बरं आणि सिव्हिलचं वाईट असतं. आणि ज्या संस्थेच्या संकेतस्थळावर हे कोष्टक सापडतच नाही, तिथे ‘मागच्या बॅचच्या कॉम्प्युटर शाखेची प्लेसमेंट यादी दाखवा’ म्हणा. ऑफर्स नकोत, माणसं मोजायचीत, असंही सांगा, कारण एकाच पोराच्या हातातल्या तीन ऑफर तिथे तीन मोजल्या जातात. टाळाटाळ झाली की चहा पिऊन निघा.

तिसरा पर्याय इथे संपला. आता पहिला की दुसरा.

नेहमीचा सल्ला असा की कॉलेज चांगलं घ्या, शाखा दुय्यम. मीही तो अनेकांना देतो. शासकीय कॉलेजच्या ईएनटीसीला सेवा कंपन्यांचे दरवाजे पूर्ण उघडे असतात, त्या कुठलीही शाखा घेतात. प्रॉडक्ट कंपन्यांच्या (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्यांच्या) पत्रात बहुतेकदा ‘सीएस, आयटी, ईएनटीसी’ असं लिहिलेलं असतं, काही वेळा फक्त पहिल्या दोन शाखा. इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलला ती तिसरी जागाही क्वचितच मिळते. शिवाय ईएनटीसीच्या पोरांना एम्बेडेड आणि व्हीएलएसआयची (उपकरणांतल्या प्रोग्रॅमिंगची आणि चिप डिझाइनची) वाट असते, आणि पुण्यात त्या कामाच्या कंपन्या आहेत. काही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर, जागा रिकामी असेल तर शाखा बदलूनही मिळते. पण त्या भरवशावर प्रवेश घेऊ नका, कॉम्प्युटरची जागा सहसा कुणी सोडत नाही.

दुसरी बाजू ही. ईएनटीसीत सिग्नल्स अँड सिस्टिम्स आहे, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आहे, कंट्रोल सिस्टिम्स आहे. ज्या मुलीला कोडिंगच करायचंय, तिला हे विषय तीन वर्षं ओढत न्यावे लागतात आणि डेटा स्ट्रक्चर्स रात्री वसतिगृहात स्वतःच्या बळावर करावं लागतं. करणाऱ्या करतात. पण ज्यांचं मन लागत नाही त्यांची तिसऱ्या सेमिस्टरला केटी लागते, चौथ्याला दुसरी, आणि सातव्या सेमिस्टरला नोटीस बोर्डावर ‘सिक्स्टी थ्रूआऊट, नो लाइव्ह केटी’ असा कागद लागतो तेव्हा कॉलेज शासकीय असूनही त्यांना टेस्टला बसता येत नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत फी माफीमुळे दोन्ही पर्यायांतला फरक तीन लाखांवर आलाय, आणि तोही मुख्यतः पुण्यात राहण्याचा. एवढ्या फरकासाठी तिला नको असलेल्या शाखेत ढकलू नका. तिला खरोखर प्रोग्रॅमिंगची ओढ असेल तर मी दुसरा पर्याय घेईन. हीच केस खुल्या प्रवर्गातल्या, पूर्ण फी भरणाऱ्या मुलाची असती तर फरक आठ-नऊ लाखांचा झाला असता आणि मी बेलाशक ईएनटीसी म्हटलं असतं. ‘ओढ आहे’ हे कसं ठरवायचं? प्रवेशप्रक्रिया महिना-दीड महिना चालते. तेवढ्या वेळात तिला पायथॉन किंवा सी स्वतः शिकायला बसवा, आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर, एनपीटीईएलवर, फुकट आहे. पंधरा दिवसांनी ती न सांगता बसत असेल तर उत्तर मिळालं. बारावीनंतर ‘कॉम्प्युटर पाहिजे’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना पुणे पाहिजे असतं, कॉम्प्युटर नव्हे.

पण दुसरा पर्याय डोळे मिटून घेऊ नका. मध्यम दर्जा हा फार ऐसपैस शब्द आहे. कॉम्प्युटर शाखेला एनबीएचं मानांकन आहे का बघा. नॅक संस्थेला मिळतं, एनबीए शाखेला, आणि पुढे परदेशी जायचं झालं तर वॉशिंग्टन कराराच्या (इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या कराराच्या) दृष्टीने एनबीएचंच महत्त्व. शाखा किती जुनी आहे ते बघा. गेल्या दोन वर्षांत सुरू झालेल्या तुकडीची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नसते, तिच्या प्लेसमेंटबद्दल जो कुणी बोलतो तो हवेत बोलतो. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराला, सांगून-सवरून न जाता कॉलेजात जा. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची पोरं गाठा आणि तीनच गोष्टी विचारा : डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स-अल्गोरिदम) कुणी शिकवलं आणि ते मास्तर अजून आहेत का, गेल्या वर्षी कॅम्पसला प्रत्यक्ष कोणत्या कंपन्या आल्या आणि कोणत्या ‘पूल’ होत्या, आणि लॅबमध्ये संध्याकाळी बसू देतात का. पूल कॅम्पस म्हणजे पाच-दहा कॉलेजांची पोरं एका जागी, निवड दोन-चार. माहितीपत्रकात मात्र त्या कंपनीचा लोगो छापलेला असतो.

बाजाराबद्दल थोडं, कारण चार वर्षांनी काय असेल ते कुणी सांगू शकत नाही. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून मनुष्यसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. २०२१-२२ मध्ये ज्यांनी घाऊक भरती केली त्याच या कंपन्या. ऑफर लेटर हातात असून जॉइनिंगची वाट बघत वर्ष-दीड वर्ष घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत. अशा काळात ज्याच्या डोक्यावर तीन लाखांचा खर्च आहे तो सहा महिने थांबू शकतो, इंटर्नशिप करू शकतो, गेटची (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची) तयारी करू शकतो. सव्वीस लाखांच्या देण्याला तेवढी सवड नसते, मिळेल ती नोकरी धरावी लागते, मग ती कॉल सेंटरची असो.

गेटचा विषय निघालाच आहे तर, हा स्वस्त डिग्रीचा सगळ्यात चांगला जोड आहे. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देऊ शकतो. चांगला क्रमांक आला तर आयआयटी-एनआयटीत एम.टेक., वर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. मध्यम कॉलेजचा शिक्का त्याने पुसला जातो. सहा लाखांत बी.ई. आणि त्यावर हे, पंचवीस लाखांच्या बी.टेक.पेक्षा मी कधीही पसंत करीन.

धाकट्याचं. गणित-विज्ञान बरं असेल आणि अकरावी-बारावीच्या इंटिग्रेटेड क्लासचे दोन-तीन लाख घालायची तयारी नसेल, तर शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा हा उत्तम मार्ग आहे. तीन वर्षं, वर्षाची फी काही हजारांत. मग डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला, सीईटी नाही. एकूण वर्षं सहाच होतात, म्हणजे अकरावी-बारावी आणि बी.ई. इतकीच, आणि महागड्या भागातलं एक वर्ष वाचतं. अडचण एकच आणि ती खरी आहे : दुसऱ्या वर्षाला एम-३, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. पहिल्या वर्षाचं एम-१, एम-२ न केलेली ही पोरं लाप्लास आणि फूरिएमध्ये गटांगळ्या खातात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत तेवढं गणित करून घेतलं की पुढे हीच पोरं प्रॅक्टिकलमध्ये बाकीच्यांना मागे टाकतात.

शेवटी कागद. ओबीसीची सवलत जातीच्या दाखल्यावर थांबत नाही. जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षासाठी वैध नॉन-क्रिमिलेअर लागतं. वैधता मुदतीत सादर झाली नाही तर प्रवर्ग खुला धरला जातो, सीटही जाऊ शकते आणि फी माफीही. मुदत वाढवून मिळते असं लोक सांगतात, बऱ्याचदा मिळतेही, तरी जात पडताळणी समितीकडे अर्ज आजच गेला पाहिजे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेगळा, तो दरवर्षी महाडीबीटीच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) अर्जाला लागतो. अर्ज भरायला विसरलात तर त्या वर्षाची सवलत गेली. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही आत्ताच बघून ठेवा.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना आपल्याला मिळणार नाही वाटणारी कॉलेजंही वर टाका, त्याने खालचं काही जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीज (पक्की) होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून एक नंबरला काय टाकायचं ते घरात बसून, मुलीला समोर घेऊन ठरवा. त्या खासगी विद्यापीठाने टोकन रक्कम मागितली असेल तर कॅपची पहिली यादी लागेपर्यंत देऊ नका. दिली असेल तर पावती आणि परताव्याचा नियम लेखी मागून घ्या.